मिस्टर मोटोचे नायकत्व
लोकप्रिय कादंबरीतील पात्राचे आयुष्य लेखकाच्या प्रतिभेइतकेच वाचकाच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. अमेरिकन कादंबरीकार जॉन मार्क्वंड यांनी १९३५ मध्ये निर्माण केलेला जपानी हेर मिस्टर मोटो याचे बोलके उदाहरण होय. कादंबऱ्यांतील मोटो हा आपल्या सम्राटाचा निष्ठावंत सेवक. विनयशील, बहुश्रुत, पण प्रसंगी निर्दय. कथेचे नायकत्व मात्र बहुधा एखाद्या अमेरिकन तरुणाकडेच जाते.

१९३७ ते १९३९ या काळातील आठ चित्रपटांनी मोटोला नायक केले. परंतु सम्राटाची चाकरी सुटून तो आंतरराष्ट्रीय पोलिसांचा माणूस झाला. ही भूमिका केली ती नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या पीटर लॉरी या ज्यू नटाने. म्हणजे जपानी नायक स्वीकारला गेला तो जपानची निष्ठा आणि जपानी नट हे दोन्ही वगळूनच.

डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर एवढी तडजोडही अशक्य झाली. अमेरिकेने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. १९४२ च्या कादंबरीनंतर मोटो थेट १९५७ मध्ये परतला. पण त्याच वर्षी त्या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटात तो नव्हताच.

परकीयाला साहित्यात प्रवेश मिळतो, तेव्हा त्याला उंबऱ्याबाहेर काय ठेवावे लागले, हे पाहणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.