महावीराचार्यांचा आकड्यांचा हार

१२३४५६५४३२१. ही संख्या डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच राहते. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. मध्ये सहाचं पदक आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारे मणी. अशा संख्यांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली ती आपल्या दिगंबर परंपरेतल्या महावीराचार्यांनी.

इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात त्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आम्हा बेळगावकडच्यांना तो काही परमुलूख नव्हे. ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे, मग गणिताची थोरवी. गणित कुठे कुठे लागतं ते सांगताना आचार्य नाट्य, संगीत, वैद्यक, वास्तुविद्या यांच्या पंगतीत पाकशास्त्रही बसवतात. म्हणजे चूल त्यांना गणिताबाहेरची वाटली नाही!

हा हार त्यांनी गुणाकाराचं उदाहरण म्हणून दिलाय: २७९९४६८१ गुणिले ४४१. कागद घेऊन करून बघा, उत्तर बरोबर तेच येतं. पण गंमत पुढे आहे. १११११११ नव्हे, सहाच एक मांडा, १११११११ मधला एक कमी: १११११११ ऐवजी ११११११. याला यानेच गुणलं की हाच हार तयार होतो. ११११११ म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७. त्यातल्या ३ आणि ७ चा गुणाकार २१, त्याचा वर्ग ४४१. उरलेल्या तिघांचा गुणाकार ५२९१, त्याचा वर्ग २७९९४६८१. आचार्यांचे दोन्ही आकडे असे पूर्ण वर्ग आहेत. हारातले सगळे अंक मिळवले तर ३६, तोही सहाचा वर्ग. दुसरा एक हार १५२२०७ ला ७३ ने गुणून होतो: ११११११११, आठ सारखे मणी.

माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. पण पावकी, निमकी, दिडकी तिला तोंडपाठ. बाजारातून आलेल्या धान्याचा हिशोब ती मनात करायची, आणि घरातले पुरुष तोच वहीत उतरवायचे. वहीवर नाव त्यांचं. “बाईमाणसाला काय कळतंय गणित” हे वाक्यही त्याच ओसरीवर ऐकलेलं.

मंदिरात आपण १०८ मण्यांची माळ रोज मोजतो. स्वाध्यायात पुराणं वाचतो, व्रतकथा वाचतो. ‘गणितसारसंग्रह’ हाही आपलाच वारसा. १९१२ साली मद्रासहून एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला, म्हणून जगाला कळला. नववीतली पोर “मला गणित नको” म्हणाली, की समजूत घालत बसू नका. हे दोन आकडे तिच्यापुढे ठेवा आणि गुणायला सांगा. सोन्याचा हार लग्नात देऊच, त्याआधी हा देऊ या.