धोटा बदलला नाही, माणूस बाहेर ठेवला

आजकाल मोठ्या कारखान्यांत 'कायझेन'चे फलक दिसतात. रोज थोडी सुधारणा करा, चुकांतून शिका, खालच्या कामगाराचेही ऐका, असा हा जपानी विचार. विचार चांगलाच आहे. आमचा प्रश्न एवढाच की, जिथे शिकण्याचा अधिकार जातीने वाटला, तिथे ही संस्कृती रुजणार कशी? त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास तपासला पाहिजे.

विणाई खात्यात सूतकताईपेक्षा पगार जास्त. अस्पृश्य कामगारांना मात्र हे खाते बंद होते. कारण काय, तर कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे.

त्या काळी माग चालवायला माणूस शिके तो बहुधा नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून. भरती जॉबरच्या हातात. ज्याला खात्यात पाऊलच टाकता येत नाही, त्याला कसब येणार कुठून? आणि कसब नाही, म्हणून दार पुन्हा बंद.

याच पद्धतीने रोग पसरतो म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली. रोग कुणाच्याही थुंकीतून पसरतो. आमच्याकडे विटाळ मात्र एकाच समाजाच्या थुंकीचा मानला गेला. तिथे धोटा बदलायला लावला, इथे माणूस बाहेर ठेवला. जात माणसाला अडवते, तशी कामातली सुधारणाही अडवते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे विणाई खाते खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना हे आपणहून सुचले नव्हते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. तेव्हा सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसले, तंत्रशिक्षणाच्या योजना चालल्या, सेवायोजन कार्यालये उघडली. शिक्षण आणि भरती ओळखीपाळखीच्या हातून काढून सार्वजनिक करण्याची ही वाट होती.

गिरण्या गेल्या, आता जुने कशाला उकरता, असे काही मित्र म्हणतात. त्यांनी गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराकडे पाहावे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आला, यंत्रेही आहेत, तरी माणसे आत उतरवली जातात आणि मरतात. तो कामगार कोणत्या जातींतून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा जीव स्वस्त मानला जातो, त्याच्या कामात सुधारणा करावीशी कुणाला वाटत नाही.

म्हणून कायझेनचा फलक लावणाऱ्यांना आम्ही विचारतो : तुमच्याकडे शिकण्याची संधी कोणाला मिळते? सूचना कोणाची ऐकली जाते? सर्वांत खालच्या कामात शेवटची सुधारणा कधी झाली? याची उत्तरे द्या, मग संस्कृतीबद्दल बोलू.

जय भीम!