उशाशी बसणारी माणसे

रोगांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर बहुधा दोघांचीच नोंद ठेवली आहे. एक वैद्याची आणि दुसरी रोग्याची. चरकाचे तसे नव्हते. त्याने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांची जाण, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हे चार गुण हवेत, असेही तो म्हणतो. पुढे औषधांचे ग्रंथ झाले, वैद्यांची चरित्रे झाली. पण हा परिचारक, म्हणजे घरोघरची आई, बायको, सून किंवा मुलगा, इतिहासाच्या वहीत चढलाच नाही.

आमच्या चांद्याचेच पाहा. या जिल्ह्याच्या इतिहासात गोंड राजांचे किल्ले आहेत, १८५८ साली फासावर गेलेला बाबूराव शेडमाके आहे, १९४२चे चिमूर आहे. चांद्याचे पुढे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. एवढ्या मोठ्या वनप्रदेशात असाध्य रोग्याच्या उशाशी किती जणांनी किती रात्री काढल्या, याची नोंद मात्र कोठेही सापडावयाची नाही.

कर्करोगापुरते बोलावयाचे तर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळला टाटा रुग्णालय उघडले आणि आमच्या भागातल्या रोग्याला एक लांबची वाट दिसली. भामरागडकडचा माणूस खाटेवर घालून चौघांच्या खांद्यावरून सडकेला आणावयाचा, तेथून चांदा, चांद्याहून वर्धा, वर्ध्याहून मुंबई. पावसाळ्यात पर्लकोटा नदीने भामरागडची वाट अडवली की तीही वाट बंद. या प्रवासात रोग्याबरोबर एक निरोगी माणूस असतोच. घरची शेती, गुरे, पोरे टाकून तो निघालेला असतो. रोग्याला रुग्णालयात खाट मिळते. याने कोठे निजावयाचे?

हा प्रश्न ज्यांनी ओळखला त्यांत पहिले नाव मी आमच्या वऱ्हाडच्या गाडगे महाराजांचे घेईन. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या यात्रेकरूंसाठी. १९५६च्या २० डिसेंबरला ते गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या गोरगरीब रोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. यात्रेकरूची धर्मशाळा रोग्याच्या सोबत्याला खुली झाली, ही मला लहान घटना वाटत नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही निजावयास जागा लागते, हे त्यातून मान्य झाले.

दुसरे नाव तुकडोजी महाराजांचे. ज्यांच्या भजनांनी चिमूरच्या परिसरात १९४२ साली माणसे उठली, ते महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात कर्करोगानेच गेले. नागपूरचे कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने चालते. त्यामुळे आमच्या माणसाची वाट मुंबईऐवजी नागपूरपर्यंत आखूड झाली.

परंतु रुग्णालय “आता घरी न्या” म्हणते, तेथून खरी कथा सुरू होते. माझ्या मोठ्या बाबांना जबड्याचा कर्करोग झाला. खर्ऱ्याच्या पुडीने आमच्या भागात घरटी शिरकाव केला आहे, त्याचेच हे फळ. घरी परत आणल्यावर मोठ्या आईने सात महिने त्यांचे केले. जखम धुणे, पातळ पेज घालणे, कूस पालटणे हे ती कोणी न शिकवता शिकली. धान कापणीला आले तेव्हा शेजाऱ्यांनी तिची बांधी कापून दिली आणि दोन बायका आळीपाळीने रात्री बसू लागल्या. ती तगली ती त्यामुळे. कळा मात्र कोणाला थांबवता आल्या नाहीत. त्या ऐकत बसणे हेच तिचे सर्वांत कठीण काम होते.

या वेदनेवर औषध नव्हते असे नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन होते ती आपल्याच देशात, मंदसोर-नीमचकडे, सरकारी परवान्याने पिकते. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन तोंडाने, ठरावीक वेळेला द्यावे असे सांगितले. पण आमच्याकडे १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आडवा आला. परवान्यांच्या धास्तीने औषध दुकानांतून नाहीसे झाले. ती अडचण सैल करणारी दुरुस्ती झाली २०१४ साली. मधल्या काळात वांद्र्याला १९८६मध्ये शांती अवेदना आश्रम निघाला, १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाची संस्था उभी राहिली आणि केरळात गावचे स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. त्या घरांत रोग्याइतकीच विचारपूस त्याचे करणाऱ्याची होते: तू जेवलीस का, निजलीस का, पुढे काय होईल हे तुला कोणी सांगितले का?

आमच्या भागात हे जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला मी गडचिरोलीचाच दाखला देईन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’तर्फे ३९ गावांतील बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी शुश्रूषा करावयास शिकवले. त्यांपैकी कोणी डॉक्टर नव्हती. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो निष्कर्ष छापला आणि जगाने तो मानला. गावची बाई, तिच्या हातात एक पिशवी, तिला दिलेले शिक्षण आणि ठरलेल्या दिवशी घरी जाणे, एवढ्यावर हे घडले. जन्माच्या वेळी जी रीत चालली, ती मरणाच्या वेळी चालू नये असे तिच्यात काय आहे? औषध अर्थात डॉक्टरनेच लिहून द्यावयाचे. पण जखम कशी धुवावी, पाठीला व्रण कसा पडू द्यायचा नाही, औषधाची वेळ का चुकवायची नाही, हे आशाताई शिकवू शकेल. आठवड्यातून एक दुपार ती रोग्यापाशी बसली तर घरच्या बाईला नदीवर जाऊन येता येईल, निजता येईल.

ज्यांच्या उशाशी आज कोणी बसले आहे, अशी घरे याही दिवाळीत आपल्या आसपास असतील. फराळाचे ताट तेथे पोचते. त्याबरोबर दोन तासांची सवडही पोचवावी, एवढे कोणालाही करता येण्याजोगे आहे.