बुलढाणा जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्य

बुलढाणा जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्य : महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील बुलढाणा (बुलडाणा असेही लिहितात) जिल्ह्यातील प्रमुख आजार, उपचारांची व्यवस्था आणि त्यासंबंधीची शासकीय धोरणे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६१ चौ. किमी. असून त्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८. पाचांतले जवळजवळ चार जण खेड्यांत राहतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडले आहेत आणि इथली माणसेही आपली ओळख तशीच सांगतात : घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. आरोग्याच्या दृष्टीने ही विभागणी फार महत्त्वाची आहे. वर दुष्काळ आणि पाण्याची टंचाई, खाली पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी. दोन्हीकडची दुखणी वेगळी, आणि जिल्हा रुग्णालय मात्र राजूर घाट चढून गेल्यावर.

जिल्ह्याचा आरोग्य कारभार दुहेरी आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आहेत. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत येतात. सपाट मुलखात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० आणि ३,००० हे प्रमाण शासनाने ठरवले आहे. २००५ नंतर गावोगावच्या आशा कार्यकर्त्या या साखळीचा पहिला दुवा झाल्या. गंभीर रुग्ण मात्र अजूनही जिल्ह्याबाहेर पाठवला जातो. घाटाखालचा बहुधा अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, घाटावरचा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’त. ‘अकोल्याला हलवा’ हे दोन शब्द ऐकले की गाडीभाडे, सोबत जाणारा माणूस, त्याची बुडणारी मजुरी आणि घरी राहिलेली जनावरे यांचा हिशेब त्या कुटुंबात लगेच सुरू होतो. उपचार फुकट असले तरी हा खर्च सुटत नाही.

जुन्या काळाविषयी थोडक्यात. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. समुद्रसपाटीपासून उंच आणि हवा थंड म्हणून बुलढाणा गाव जिल्ह्याचे ठाणे झाले; त्याच हवेमुळे पुढे तिथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामही उभे राहिले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा (१८७६–१९५६) याच मुलखात हातात खराटा घेऊन गावे झाडत फिरले. रोगाचे मूळ दवाखान्याबाहेर आहे, ही गोष्ट त्यांनी कोणत्याही शासकीय परिपत्रकाआधी लोकांच्या गळी उतरवली होती.

खारपाणपट्टा आणि मूत्रपिंडाचे विकार : सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौ. किमी.चा खारपाणपट्टा पसरला आहे. त्यात नऊशेच्या आसपास गावे येतात. गाळाची काळी, खोल माती, पाण्याचा निचरा नाही आणि भूजलात क्षार विरघळलेले. विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीन चोपण होते, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बुलढाण्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा व मलकापूर या तालुक्यांचे भाग या पट्ट्यात मोडतात.

या गावांत मुतखडा घरोघरी ठाऊक आहे. त्याहून भीतीदायक म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंड विकार, ज्याला लोक नुसते ‘किडनी’ म्हणतात : ‘त्याला किडनी झाली.’ मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही चाळिशीतल्या शेतमजुराची मूत्रपिंडे निकामी होतात, तेव्हा संशय पाण्यावर जातो. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्र प्रदेशातील उद्दानम् भाग इथेही शेतकऱ्यांमध्ये असाच आजार आढळला आहे. तिथे वर्षानुवर्षे संशोधन होऊनही एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. पाण्यातले क्षार, उन्हातले कष्ट व अंगातले पाणी कमी होणे, कीटकनाशके, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर अशी अनेक कारणे एकत्र पाहिली जातात. यांतले प्रत्येक कारण संग्रामपूरच्या शेतावर हजर आहे. म्हणून कारण नक्की होईपर्यंत थांबणे योग्य नाही. गोडे पाणी देणे हा उपाय कोणत्याही निष्कर्षात बरोबरच ठरणार आहे.

तो उपाय माहीतही आहे. वारी हनुमान येथील वान धरणाचे पाणी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावांना देणारी योजना त्यासाठीच आखली गेली. जलवाहिनी फुटली, वीज गेली किंवा नळाला पाळी लागली की लोक पुन्हा हापशीवर जातात. ज्याला परवडते तो थंड पाण्याचे कॅन विकत घेतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या खाटेवर काढावे लागतात आणि त्यासाठी खामगाव, शेगाव किंवा अकोला गाठावे लागते. शासकीय योजनेतून डायलिसिस मोफत मिळतो. पण आठवड्यातले तीन दिवस प्रवासात आणि खाटेवर घालवणारा माणूस मजुरीला कधी जाणार, याचे उत्तर कोणत्याही योजनेत नाही. पाणी एका खात्याकडे, मूत्रपिंड दुसऱ्या खात्याकडे, अशी ही वाटणी रुग्णाच्या अंगावर येते.

केसगळतीची साथ : डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा आदी गावांत अचानक केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुले, तरुण मुली, म्हातारी माणसे, कुणी सुटले नाही. वृत्तवाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले. विषाणूचा पुरावा नसताना दिलेल्या या नावाने गावांचे फार नुकसान केले. पाहुण्यांनी येणे थांबवले, जमत आलेली लग्ने अडली, मुलींनी उरलेले केस काढून डोक्याला रुमाल बांधले. आरोग्य विभागाने सर्वेक्षण सुरू केले, पाण्याचे नमुने घेतले, पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके दिल्ली-चेन्नईहून आली.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर (पद्मश्री, २०२२) यांनी या गावांत स्वतः जाऊन रक्त, लघवी, केस व धान्याचे नमुने तपासून घेतले. त्यांचे मूळ गाव शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांचा निष्कर्ष असा की रेशन दुकानातून आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण नेहमीपेक्षा कित्येक पट जास्त होते, रुग्णांच्या शरीरातही ते वाढलेले होते आणि जस्त कमी होते. त्यांच्या नमुन्यांत गहू धुतल्यानेही सेलेनियम फारसे कमी झाले नाही. ते दाण्यातच मुरलेले असते. हा गहू पंजाबकडचा असल्याचे त्यांनी म्हटले. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी होशियारपूर व नवांशहर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचे कृषिशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नखे तडकून गळाल्याच्या तक्रारी आल्या, आणि सेलेनियमच्या विषबाधेत केसांनंतर नखे जातात हे वैद्यकातले जुने निरीक्षण आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच साथ येऊन गेली होती. तिथे विष स्थानिक जमिनीतून पिकात उतरले होते.

शेगावच्या बाबतीत मात्र धान्य दूरच्या मुलखातून आले असेल, तर त्यातून धोरणाचा मोठा प्रश्न उभा राहतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा गरिबाचा हक्क झाला. धान्याची आर्द्रता, खडे, किडका दाणा यांची तपासणी गोदामात होते. जड मूलद्रव्यांची प्रत्येक साठ्यागणिक तपासणी होत नाही. ज्याच्या घरी ज्वारी पिकते त्याच्याकडे दुसरे धान्य असते, रेशनवरच जगणाऱ्याकडे नसते. म्हणून ही साथ त्वचारोगतज्ज्ञापाशी आली तरी तिचा तपास पुरवठा खात्यापर्यंत जायला हवा.

मुलींचे घटते प्रमाण : सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९०८ होती, २०११ मध्ये ती ८५५ वर आली. जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये सिंदखेड राजात झाला. दर १२ जानेवारीला तिथे राज्यभरातून माणसे लोटतात. त्याच जिल्ह्यात दहा वर्षांत हजारामागे ५३ मुली कमी व्हाव्यात, हे लिहिताना हात जड होतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य (१९८८). केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये कडक केलेला. जानेवारी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बुलढाण्याची निवड झाली ती याच आकड्यामुळे. सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी तपासणे आवश्यकच आहे, पण हुंडा आणि शेतीच्या वाटणीची धास्ती जोवर लग्नाच्या बैठकीत बोलली जाते तोवर यंत्रावर लावलेले सील अपुरे पडते.

आणीबाणीचे प्रसंग : १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मरण पावले. २०२४ च्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहातल्या एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा उघड्यावर दोर बांधून त्याला सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ते छायाचित्र देशभर फिरले. त्यात हलगर्जीपणा पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्या रात्री दोर बांधणाऱ्या हातांनीच माणसे वाचवली. कोविडकाळात, २०२० मध्ये, टाटा ट्रस्ट्सने बुलढाण्यात शंभरावर खाटांचे उपचार केंद्र उभारून दिले होते.

मानसिक आरोग्य : पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे तिथे वर्षभर दिसतात. सर्व धर्मांची, दूरदूरच्या जिल्ह्यांतली. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि दर्गा एका एसटीच्या अंतरावर असेल, तर माणूस जिथे धीर मिळतो तिथेच जाणार. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमातून डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसू लागले. सैलानीलाही हाच मार्ग योग्य वाटतो. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्णांना सांभाळते. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलढाणा होता, आणि २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ समुपदेशन प्रकल्पातही आहे. त्यात आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन खचलेला शेतकरी ओळखायचा असतो.

धोरण : राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, बुलढाण्यापर्यंत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, दुसऱ्या टप्प्यात पोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. या संदर्भात सिंगापूरचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९८४ पासून पगारातून सक्तीची वैद्यकीय बचत कापली जाते. क्षेत्रफळाने बुलढाण्याच्या पंधराव्या हिश्शाहून थोडेच मोठे असलेले ते नगरराज्य. जवळजवळ प्रत्येकाला महिन्याचा पगार. कपाशी वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतून काय कापणार? त्या पद्धतीची नक्कल इथे होणार नाही. मात्र त्याच सिंगापूरने १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत आपली घाण झालेली नदी सर्व खाती एका कामाला लावून स्वच्छ केली, ते पूर्णेकाठी शिकण्याजोगे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत बुलढाण्याचे १०० जागांचे महाविद्यालय आहे. पहिली तुकडी आंतरवासिता संपवून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर सातपुड्यातल्या भिंगारा, गोमाल यांसारख्या पाड्यांतून रुग्णाला झोळीत घालून उतरवणारे खांदे बदलणार नाहीत. पण वैद्यकीय अभ्यासक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांची नोंद ठेवायची असते. ही कुटुंबे महाविद्यालयाच्या आसपासची न निवडता संग्रामपूरची, शेगावच्या कालवड-बोंडगावची निवडली, तर घरातले पाणी, रेशनचा गहू आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे रक्तातले क्रिएटिनीन या तिन्ही गोष्टी प्रथमच एका वहीत येतील.