बैलगाडी ते मालट्रक : दिंडीच्या ओझ्याची शंभर वर्षं

 

दिंडीच्या शंभरीचं पुस्तक निघतंय. कुणी विणेकऱ्यांची परंपरा लिहिली, कुणी कीर्तनाची. माझ्या वाट्याला गाडीचा विषय आला. मी चौथी शिकलेला माणूस, शेती आणि कीर्तन एवढंच मला कळतं. पण दिंडीचं सामान कशावर गेलं, हे लहानपणापासून बघत आलो, आणि जुना ट्रक बघायला गेलेल्या मंडळीत मीही होतो. म्हणून जे पाहिलं आणि जुन्या माणसांकडून ऐकलं ते लिहितो.

वारीत माणूस पायानं चालतो ते सगळ्यांना दिसतं. पण तीन आठवडे माणसं रस्त्यावर राहायची म्हंजे एक गावच चालवायचं असतं. शिधा, हंडे, पातेली, अंथरुणं, पाणी, औषध, सगळं रोज उचलायचं आणि रोज नव्या जागी मांडायचं. हे गाव कशावर चालतं, त्यावर दिंडी किती मोठी होणार आणि त्यात गोरगरीब येऊ शकणार का नाही, हे ठरतं.

पाठीवरचं ओझं

पहिल्या काळात गाडी नव्हतीच. प्रत्येकाची पडशी प्रत्येकाच्या खांद्यावर. एक घोंगडी, एक धोतर, तांब्या, पीठ आणि वाळवलेल्या भाकरी. तेव्हा आपला मुलूख निजामाचा. सेनगावाहून नर्सी, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर इथपर्यंत सगळा निजामी मुलूख. तुळजापूर सोडून सोलापूरकडं निघालं की इंग्रजाचा मुलूख लागायचा. मधे करोडगिरीचा नाका. तिथं ओझं सोडून दाखवावं लागायचं. पैसाही बदलायचा. आपल्याकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. म्हणून जुनी माणसं सांगायची, ओझं जितकं कमी तितका नाक्यावरचा जाच कमी. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पुढं हळूहळू हा जाच संपला.

पाठीवरच्या ओझ्याचा एक गुण होता, कुणी कुणाला जड नव्हतं. पण ज्याच्या घरात वाळवायला भाकर नाही त्याला वारी नव्हती. लेकरू कडेवर असलेल्या बाईलाही नव्हती. दिंडी बोटावर मोजण्याइतकी माणसं घेऊन चालत होती.

बैलगाडी

मग दिंडीत बैलगाडी आली. एका घरची गाडी, दुसऱ्या घरचे बैल, तिसऱ्याचा गाडीवान. गाडी आली तशी एकत्र पंगत आली, कारण मोठं पातेलं आता नेता येऊ लागलं. बाया-माणसांची संख्या वाढली ती गाडीमुळंच.

पण बैलाचा हिशेब शेतकऱ्याला विचारा. मृग निघतो ७-८ जूनला. आषाढी वारीची चाल आणि पेरणी एकाच दिवसांत येते. ज्याचे बैल पंढरपूरला गेले त्याचं तिफणीला काय? शेजाऱ्यानं पेरून दिलं तर ठीक, नाहीतर वाफसा गेला. म्हणजे दिंडीचं ओझं खरं तर एका शेतकऱ्याच्या पेरणीवर चालत होतं. रस्ते डांबरी झाले तसे नालही लवकर झिजायला लागले. परळी सोडून अंबाजोगाईकडं बालाघाटाची चढण लागते, तिथं माणसं खाली उतरून चाकाला खांदा द्यायची.

पुढं ७२ चा दुष्काळ पडला. चारा नाही, पाणी नाही. लोकांनी दावणीची जनावरं मिळेल त्या भावात विकली. त्यानंतर बैलगाडी दिंडीत होती, पण तिचा भरवसा गेला.

आळंदीची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. माउलींचा रथ आजही बैलच ओढतात, आणि बैलजोडीचा मान मोठ्या भक्तीनं दिला जातो. पण त्याच सोहळ्यातल्या दिंड्यांचं सामान ट्रकमधून जातं. देवाचा रथ बैलांनी ओढावा हा मान आहे. शिध्याचं पोतं बैलांनीच ओढावं असा कुठं नियम नाही. हे आपल्या जुन्या महाराजांनी ओळखलं.

भाड्याचा ट्रक

सुरुवातीला ट्रक भाड्यानं घेतला. भाड्याच्या गाडीत मालकाचं लक्ष पुढच्या भाड्यावर असतं. एका वर्षी गाडी वाटेत बंद पडली, मालकाला निरोप गेला, दुसरी गाडी यायला दोन दिवस लागले. शिधा इथं आणि माणसं पुढच्या मुक्कामी. त्या गावच्या लोकांनी घराघरातून भाकरी गोळा करून दिंडी जेवू घातली, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण तेव्हाच देवळात बैठक बसली की गाडी आपल्या मालकीची पाहिजे.

नवी का जुनी

बैठकीत दोन मतं पडली. तरुणांचं म्हणणं, हप्त्यावर नवी गाडी घ्या. म्हाताऱ्यांचं म्हणणं, हप्ता बारा महिन्यांचा आणि वारी एका महिन्याची, बाकी अकरा हप्ते कोण भरणार? वर्गणी देणारा मजूर माणूस, त्याच्या डोक्यावर बँक बसवायची का? शेवटी जुनी गाडी घ्यायचं ठरलं. मग प्रश्न आला, कोणती?

त्या वेळी आपल्याकडं जुन्या ट्रकात टाटा, लेलँड आणि कुठं कुठं बेडफर्ड दिसायची. टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझ कंपनीबरोबर ट्रक बांधायला १९५४ साली सुरुवात केली. म्हणून आधीच्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असायची, नंतर टाटांचं चिन्ह आलं. गाडीच्या आकड्यातच तिची कुंडली असते, हे मला एका मिस्त्रीनं शिकवलं. १२१० म्हंजे ढोबळ मानानं मालासकट १२ टनांची गाडी आणि १०० च्या आसपास घोड्यांची ताकद. १६१३ म्हंजे १६ टन आणि १३० घोडे. ४०७ ही १९८६ साली आलेली लहान गाडी, ती आपल्या सामानाला आणि मागं टँकर ओढायला अपुरी. १६१३ ला डिझेल आणि टायरचा खर्च जास्त. म्हणून १२१० वर सगळ्यांचं एकमत झालं. दुसरं कारण असं की तिचा सुटा भाग तालुक्याला मिळतो आणि गावोगावचा मिस्त्री ती डोळे झाकून खोलतो. वारीत रात्री दहाला गाडी बंद पडली तर उपयोगाला येतो तो जवळचा मिस्त्री.

गाडी बघायला आम्ही पाच जण गेलो, त्यात एक मिस्त्री आणि एक म्हातारा ड्रायव्हर. त्यांनी जी तपासणी केली ती लिहून ठेवतो, पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.

सकाळी मालक उठायच्या आत जायचं आणि आधी बोनेटला हात लावून बघायचा. इंजिन गरम लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली आहे. थंड गाडी एका दमात चालू झाली पाहिजे. धूर बघायचा. निळा धूर म्हंजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हंजे डिझेल पुरतं जळत नाही, पंप-नोझलचं काम आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर आत पाणी जातंय का ते बघायचं. चालू गाडीचं ऑइलचं झाकण काढायचं, जोरात भपका आला तर आतले रिंग-पिस्टन झिजलेत.

मग खाली झोपून चासी बघायची. रंग नवा आणि चासी जुनी असेल तर रंगाखाली वेल्डिंग शोधायचं. स्प्रिंगचा एखादा पाटा तुटलाय का, स्टेअरिंगला ढिलाई किती, पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलं तर किंगपिन खडखडते का, हे सगळं बघायचं. टायरची नक्षी चांगली असली तरी बाजूच्या रबराला चिरा असतील तर ते टायर म्हातारं झालं. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.

शेवटी कागद. चासीवर ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर एक आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, टॅक्स भरलाय का, पासिंग कधीपर्यंत आहे.

आम्हाला तीन गाड्या दाखवल्या. पहिली लई देखणी, घुंगरू-गोंडे लावलेली, भावही कमी. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तिच्या ब्रेकला हवा भरली, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवून बसला. बिडी संपायच्या आत हवेचा काटा खाली आला. तो एवढंच बोलला, "महाराज, चालणारी गाडी कुठंबी भेटते, थांबणारी बघा." दुसऱ्या गाडीचा बोजा उतरलेला नव्हता. तिसरी दिसायला रया गेलेली, फाळका वाकडा, पण काटा जागचा हलला नाही आणि चासी एकसंध. ती घेतली. तिला परभणीचा एमएच २२ नंबर होता. आपला हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, आणि एमएच ३८ नंबर त्यानंतरचा.

मागचा टँकर

माणसं वाढली तसं पाणी पुरेना, म्हणून मागं दोन चाकी टँकर जोडला. ट्रक ओझं वाहतो ते वेगळं आणि ओढतो ते वेगळं. ५००० लिटर पाणी म्हंजे ५ टन, वर टँकरचं वजन निराळं. ते ओढताना ताकद लागतेच, पण खरी परीक्षा उतारावर होते. तुळजापूर सोडून सोलापूरच्या बाजूला उतरताना एका वर्षी टँकर निम्मा रिकामा होता. भरलेल्या टँकरपेक्षा निम्मा टँकर वाईट, कारण आतलं पाणी पुढं-मागं हेलकावे खातं. ब्रेक लावला की पाण्याची लाट मागून गाडीला ढकलते. ड्रायव्हर जुना होता, त्यानं वरूनच गाडी दुसऱ्या गिअरात घेतली होती आणि इंजिनाच्या जोरावर हळूहळू उतरवली. पुढं चालणाऱ्या आपल्याच माणसांना काही झालं नाही, ही पांडुरंगाची कृपा आणि त्या माणसाची समज.

त्या वर्षीपासून ठरलं. घाटाच्या आधी टँकर पुरा भरायचा नाहीतर पुरा रिकामा करायचा. टँकरच्या आत आडव्या पट्ट्या मारून घेतल्या. जोडाचा हुक हौद्याला न लावता चासीच्या आडव्या तुळईला लावला, पिनेशिवाय दोन साखळ्या घातल्या. टँकरला स्वतःचे ब्रेक आणि मागं लाल दिवे. त्याचे कागदही वेगळे काढले.

चालतं घर

हौद्यात फळ्यांचा माळा केला. खाली शिधा आणि भांडी, वर अंथरुणं, ड्रायव्हरच्या मागच्या कोरड्या कोपऱ्यात मृदंग आणि वीणा. जड सामान खाली आणि मधोमध, नाहीतर वळणावर गाडी झुलते. स्वयंपाक गाडीत कधीच करायचा नाही. चुली आणि गॅस दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गाडीच्या एका बाजूला कनात लावून बाया-माणसांच्या अंघोळीची सोय केली. त्यामुळं किती लेकी-सुना वारीला यायला लागल्या, ते पंगतीत मोजा. आधी गॅसबत्ती होती, नंतर गाडीच्या बॅटरीवर दिवे लावायला लागले आणि पहाटे गाडी चालू होईना. मग दिव्यांसाठी दुसरी बॅटरी ठेवली.

उभ्या गाडीचंही सांगतो. वारी झाली की गाडी दहा-अकरा महिने उभी राहते, आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. बॅटरीची वायर सोडायची, चासीखाली लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार कमी करायचा, पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून गाडी थोडी हलवायची. हे काम पाळीपाळीनं घराघराकडं दिलं, म्हणून गाडी टिकली.

गाडीत माणूस नाही

सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगतो. गाडी आली आणि थकलेल्या माणसाची नजर तिच्याकडं जायला लागली. पाय सुजलेली म्हातारी हात जोडून म्हणते, "बाबा, पुढच्या मुक्कामापर्यंत बसू दे." नाही म्हणायला जीव होत नाही. पण मालट्रक मालासाठी आहे. सामानाच्या ढिगावर बसलेलं माणूस एका गचक्यानं खाली येतं. रात्री सावली आणि आडोसा म्हणून गाडीखाली झोपणारेही होते. उतारावर उभी गाडी सरकली तर खालच्या माणसाला उठायलाही वेळ मिळत नाही.

यावर दिंडीत दोन वर्षं वाद झाला. काही जण म्हणाले, दया नाही तर वारी कसली? शेवटी असं ठरलं की दया करायची पण ट्रकावर नाही. थकलेल्यांसाठी परवानगीची प्रवासी जीप वेगळी लावायची आणि तिचा खर्च दिंडीनं करायचा. मुक्कामी गाडी उभी केली की चाकांना दगड, चावी चोपदाराकडं, आणि गाडीखाली कुणी झोपायचं नाही. रोज हरिपाठानंतर हे तीन नियम मोठ्यानं सांगायचे. आजही सांगतात. पोरं हसतात, हसू द्या.

आता पुढं

गाडी म्हातारी झाली. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची पासिंगची फी लई वाढली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सिक्सच्या आल्या. त्या धूर कमी सोडतात, त्यांचे ब्रेक आणि स्टेअरिंगही चांगले, हे मान्य केलं पाहिजे. पण त्यांत सेन्सर आहेत, बिघाड शोधायला यंत्र लागतं, मोठ्या गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं पाणीही लागतं. साधा मिस्त्री तिथं हात टेकतो. म्हणून पुढची गाडी कोणती घ्यायची हा वाद पुन्हा बैठकीत येणार आहे.

माझं मत विचाराल तर, जुन्या गाडीचा हट्ट नको आणि नव्या गाडीची हौस नको. वर्गणीत बसेल, जिच्यावर कर्जाचा बोजा नसेल, वाटेवरच्या गावात दुरुस्त होईल आणि भरल्या टँकरासकट उतारावर थांबेल, ती गाडी घ्या. बघायला जाताना मिस्त्री न्या, जुना ड्रायव्हर न्या आणि स्वयंपाक करणारी एक बाईही न्या, कारण हौद्यात काय कुठं बसतं ते तिलाच कळतं. ज्या दिवशी सामानाच्या सोयीसाठी चाल कमी कराविशी वाटेल, त्या दिवशी पाठीवर पडशी घेऊन गेलेल्या पहिल्या वारकऱ्यांची आठवण काढा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.