औंधचे राजे, लंडनची बस आणि आमचं वन बीएचके

मंडळी, औंध म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या डोळ्यांपुढे पुण्यातलं औंध येतं. मी लिहितोय ते सातारा जिल्ह्यातलं, यमाई देवीचं औंध. ब्रिटिशांच्या काळात ते एक छोटंसं संस्थान होतं आणि 1909 पासून तिथे भवानराव पंतप्रतिनिधी गादीवर होते. चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचं प्रचंड वेड असलेला राजा! घरून काम करणाऱ्यांनी या माणसाची ओळख करून घ्यायलाच हवी.

भवानरावांची सुरुवात आपल्यासारखीच झाली, म्हणजे खरेदीपासून. त्या काळी युजेन सँडो नावाचा पहिलवान जगभर गाजत होता. 1904-05 मध्ये तो भारतातही खेळ करून गेला. पण त्याआधीच, 1897 साली, भवानरावांनी सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली होती. ती त्यांनी सुमारे दहा वर्षं नेमाने वापरलीसुद्धा. (आपल्या घरातली ट्रेडमिल दोन महिन्यांत कपडे वाळत घालायला लागते, हे लक्षात घ्या.) मग 1908 च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांचं बघून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. महाराष्ट्रात ते आधीपासून होतेच. भवानरावांनी त्यांना रोजच्या घरगुती व्यायामाचं स्वरूप दिलं. यंत्र नको, आखाडा नको, जोडीदार नको. आडवं पडता येईल एवढी जागा पुरे. बायकांनी करावेत, मुलांनी करावेत, राजवाड्यात करावेत, खोलीत करावेत. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले. पुस्तकं लिहिली. 1938 साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनमधून निघालं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सकाळी उठून बारा नमस्कार घातले की झालं. तिथेच तर गोम आहे. त्यासाठी आपल्याला लंडनलाच थांबावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर हृदयविकार कोणाला होतो याचा शोध घेत होते. लंडनच्या डबलडेकर बसवर दोन माणसं असायची. पगार आणि राहणीमान साधारण सारखं, रस्ते आणि धूरही तोच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली. एका पाळीत 500 ते 750 पायऱ्या! 1953 साली मॉरिस यांचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा.

यावर शंका काढता येते, आणि ती स्वतः मॉरिस यांनीच पुढे आणली. 1956 मध्ये त्यांनी युनिफॉर्मची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर विशीपासूनच मोठी निघाली! म्हणजे थोडा फरक नोकरीत शिरतानाच होता. पण चालणारे पोस्टमन आणि बसणारे कारकून यांच्यातही तसंच चित्र दिसलं होतं. पुढच्या कित्येक अभ्यासांनी मुद्दा पक्का केला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या कंडक्टरांपैकी कोणीही 'व्यायाम' करत नव्हता. ते फक्त कामाला जात होते.

आमच्या वर्तकनगरात हे समजवायला लंडन लागत नाही. बाबांची पूर्ण नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गेली. जाणं-येणं सायकलवर, आठ तास मशीनपाशी उभं. त्यांनी आयुष्यात 'फिटनेस' हा शब्द उच्चारला नसेल. माझी पिढी खुर्चीवर बसली, तरी 2020 च्या मार्चपर्यंत आपणही थोडे कंडक्टर होतो. रिक्षाच्या रांगेपर्यंत चालायचं, ठाणे स्टेशनचे जिने, गाडीत उभं राहणं, पुन्हा जिने. शिव्या देत का होईना, पाय चालत होते. लॉकडाऊन लागला आणि एका रात्रीत सगळे कंडक्टर ड्रायव्हर झाले. लॉकडाऊन उठला, पण माझं निम्मंअधिक काम आजही घरूनच चालतं.

मागच्या वर्षी मी आणि बाबांनी एकाच दिवशी रक्त तपासून घेतलं. बाबा एकसष्ट वर्षांचे, मी अठ्ठावीसचा. साखर त्यांची नॉर्मल आणि माझी बॉर्डरवर. आई दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. काही बोलली नाही. आणि मी तेव्हा रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारत होतो!

एका रिपोर्टवरून सिद्धांत मांडू नये, हे इंजिनिअर म्हणून मलाही कळतं. पण शरीराचं गणित सोपं आहे. रक्तातली साखर वापरणारे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते हलले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. सकाळी अर्धा तास दुकान उघडून दिवसभर शटर खाली ठेवलं, तर माल पडूनच राहणार ना?

जागतिक आरोग्य संघटनेनेही नोव्हेंबर 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. आठवड्याला किमान 150 मिनिटं हा आकडा तसाच राहिला. पण व्यायाम एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवा, ही जुनी अट गेली. दोन मिनिटंही हिशोबात धरली जातात. शिवाय बसणं कमी करा, हे वेगळं सांगितलं.

म्हणून मी भवानराव आणि मॉरिस यांना एकत्र जोडलंय. नमस्कार राजांचे, वेळापत्रक कंडक्टरचं. स्टँडअप कॉल संपला की तीन. बिल्ड चालू असताना तीन. जेवणाआधी तीन, चहाआधी तीन. पलंग आणि कपाट यांच्यात सहा फूट जागा आहे, तेवढी पुरते. दिवसाला चोवीस-पंचवीस सहज होतात आणि घामही येत नाही, त्यामुळे पुढच्या कॉलला कॅमेरा सुरू ठेवता येतो. फोनवर बोलायचं असेल तर गॅलरी ते स्वयंपाकघर येरझाऱ्या. पाण्याची बाटली टेबलावर ठेवत नाही, तहान लागली की उठावंच लागतं.

सकाळचं उपवन सोडलेलं नाही. आई म्हणते, "अरे, दिवसातून किती वेळा देवाला नमस्कार करणार आहेस?" बाबा पेपरमधून मान वर करून हसतात आणि स्वतः जिने उतरून दूध आणायला जातात.

पुढची रक्ततपासणी डिसेंबरात आहे. यावेळीही दोघं एकत्रच जाणार आहोत.