पॅरोल म्हणजे शब्द

'पॅरोल' म्हटलं की आपल्याला पेपरातली बातमी आठवते: अमुक कैदी पॅरोलवर सुटला आणि पसार झाला. मूळ फ्रेंचमध्ये पॅरोल म्हणजे नुसता 'शब्द'. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमध्ये कैदेत असलेला फ्रेंच अधिकारी 'पळून जाणार नाही' असा शब्द सहीनिशी देई, आणि त्यावर त्याला एखाद्या ठरावीक गावात मोकळं राहू देत. हमरस्त्याने गावाबाहेर एक मैलापर्यंत फिरायचं, संध्याकाळी ठरल्या वेळी घरात. बस्स, एवढीच अट. (आपण नोकरीत बॉन्डवर सही करतो तसंच थोडंफार, फक्त इथे अब्रू तारण!)

पण हे सगळं साहेबलोकांसाठी. साध्या शिपायाला त्याचा शब्द कुणी विचारतच नसे. त्याची रवानगी जुन्या जहाजांच्या तरंगत्या तुरुंगात, किंवा १८०९ पासून डार्टमूरला. आणि साहेबांचा शब्द तरी किती टिकायचा? जनरल लफेव्र-देनुएत १८०८ च्या डिसेंबरात स्पेनमध्ये पकडला गेला. चेल्टनहॅममध्ये बायकोसोबत छान राहिला आणि एक दिवस शब्द मोडून पळाला. नेपोलियनने त्याला झापलं असेल? छे! १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत गडी पुन्हा आपल्या घोडदळाच्या पुढे.

म्हणून मला तालावेराचा ओढा जास्त पटतो. २८ जुलै १८०९, स्पेन. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, म्हणजे १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला तोच. सकाळचा फ्रेंच हल्ला परतवला गेला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि दोन्ही फौजांच्या मधे पोर्तिन्या नावाचा बारीकसा ओढा. थोड्या वेळापूर्वी एकमेकांना भोसकणारे शिपाई दोन्हीकडून पाण्यावर उतरले. प्यायले, हस्तांदोलन केलं, जखमी उचलले. ना करार, ना सही, ना कुणाचा हुकूम. मग नगारे वाजले आणि सगळे गुमान आपापल्या रांगेत परत. दुपारी पुन्हा लढाई. वाळलेलं गवत पेटलं आणि उचलायचे राहिलेले जखमी त्यात जळाले.

पुढच्या महिन्यात वेलस्लीला माघार घ्यावी लागली. तालावेरात मागे राहिलेल्या इंग्रज जखमींना मार्शल व्हिक्टरच्या फ्रेंचांनी चांगलं सांभाळलं.

आता ह्याच इंग्रज फौजेची दुसरी बाजू. एप्रिल १८१२ मध्ये त्यांनी फ्रेंचांकडून बादाहोस शहर घेतलं. वेलस्ली तोवर वेलिंग्टन झाला होता. आत राहणारे लोक स्पॅनिश, म्हणजे इंग्रजांचे मित्रच की! तरी शिपायांनी अनेक दिवस शहर लुटलं, बायकांवर अत्याचार केले. गणवेश नसलेल्यांना ओढ्याकाठचा नियम लागू नव्हता. किल्ला लढवणारा फ्रेंच जनरल फिलिपों मात्र शरण आल्यावर सुखरूप इंग्लंडला पोचला. ऑस्वेस्ट्री गावात पॅरोलवर राहिला.

आणि त्याच वर्षी पळाला.